कुलाब्यात पंखा, विरारला मेणबत्ती

17 मे 2021. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला समांतर, भर समुद्रातून गुजरातकडे सरकत होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर नोंदले गेले. विमानतळ सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत बंद राहिला, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरची वाहतूक थांबवली, मे महिन्यात मुंबईने क्वचितच पाहिला असेल असा पाऊस झाला. एवढं होऊनही कुलाबा, गिरगाव, दादर इथली वीज बऱ्याच अंशी टिकली. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, चर्चगेटहून लोकलने दीड तासावर असलेल्या वसई-विरारमध्ये अंधार झाला आणि अनेक वस्त्यांत तो दुसऱ्या दिवशीही हटला नाही. करोनाची दुसरी लाट पुरती ओसरली नव्हती. कुणाच्या उशाशी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, आणि ते यंत्र विजेवर चालतं.

हा फरक वाऱ्याने केलेला नाही. तो माणसांनी केला, मंत्रालयात, महापालिकेत आणि वीज कंपनीच्या कार्यालयात बसून, वर्षानुवर्षं.

बेट मुंबईत वीज जमिनीखालून जाते. तिथे वीज देणाऱ्या बेस्टच्या वाहिन्या रस्त्याखाली गाडलेल्या आहेत. फांदी पडली तर रस्ता अडतो, लाइट जात नाही. उपनगरांतही बराच भाग भूमिगत आहे. दहिसरचा आणि मुलुंडचा नाका ओलांडला की तारा डोक्यावर येतात. नालासोपारा, विरार, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर: सिमेंटचा खांब, खांबावर उघड्या तारा, तारांना टेकलेला गुलमोहर. या गावांची शहरं झाली, चाळींचे टॉवर झाले, बिल्डरांना एफएसआय मिळाला, पालिकांना विकास शुल्क मिळालं. 2009 साली चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती, कल्याण-डोंबिवलीचीही तेवढीच. बारा लाखांच्या शहराला वीज मात्र अजून कित्येक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या काळातल्या मांडणीने मिळते. त्याच शहरांतली माणसं पहाटेच्या लोकलने मुंबईत जाऊन तिथली रुग्णालयं, बँका, दुकानं, कचेऱ्या चालवतात. ज्या मुंबईची लाइट जात नाही ती ज्यांच्या हातांवर चालते, त्यांच्याच घरी मेणबत्ती लागते. हे मला मान्य नाही आणि कुणालाही मान्य असू नये.

आता वळवाचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून हे आज लिहितो आहे. जूनमध्ये लिहून उपयोग नसतो. तेव्हा सगळे ‘निसर्गापुढे कुणाचं काय चालतं’ या एका वाक्यामागे लपतात.

त्या वाक्याचा आधी समाचार घेऊ. इमारती, मनोरे, फलक बांधताना वाऱ्याचा किती वेग गृहीत धरायचा, याचं भारतीय मानक आहे, आयएस 875, भाग तिसरा. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140. एवढा वारा इथे येऊ शकतो आणि बांधलेली वस्तू त्यात उभी राहिली पाहिजे, हे देशातल्या अभियंत्यांनी आधीच लिहून ठेवलेलं आहे. 13 मे 2024 ला संध्याकाळी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर जो जाहिरात फलक कोसळला, तो 120 बाय 120 फुटांचा होता. महापालिका 40 बाय 40 च्या पुढे परवानगी देत नाही. सतरा माणसं गेली. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीत निघालं की त्या फलकाचा पाया ताशी 49 किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच होता. त्या दिवशी वारा होता 87 चा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे पायाला पेलवेल त्याच्या तिपटीहून जास्त दाब त्या पत्र्यांवर आला. 158 चं मानक असलेल्या शहरात 87 च्या वाऱ्याने सतरा माणसं मेली. यात निसर्गाचा दोष कुठे आहे, ते दाखवा.

विजेच्या खांबांनाही हेच लागू होतं. खांब किती खोल गाडायचा, ताण कुठे द्यायचा, दोन खांबांत अंतर किती, हे सगळं ठरलेलं असतं. पण खांब उभा करताना खड्डा उथळ राहिला, काँक्रीट घातलंच नाही, पायथ्याशी गटार खणलं, खांबावर केबलवाल्यांनी आणि इंटरनेटवाल्यांनी वायरींची भेंडोळी लटकवली, वर एखाद्या भाऊंच्या वाढदिवसाचा फलक बांधला, की त्या खांबाचं गणित संपलं. फलकाचं कापड वारा अडवतं आणि तो सगळा जोर खांबावर येतो. वीज कंपनी, महापालिका, केबलवाले आणि नगरसेवक या चौघांनी मिळून तो खांब पाडलेला असतो. वारा फक्त शेवटचा धक्का देतो.

झाडांचंही तसंच आहे, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण झाडाला दोष देऊन मोकळं होण्याची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे.

वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं झाडाला ताणून धरतात. दुसऱ्या बाजूची मुळं आणि माती त्याचा भार घेतात. आता रस्त्यालगतचं एखादं झाड बघा. एका बाजूला काँक्रीटचा रस्ता, त्यासाठी खणताना मुळं तोडलेली. दुसऱ्या बाजूला फुटपाथ, बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवलेले. मधून ऑप्टिक फायबरसाठी चर खणून गेलेला. पाणी आत झिरपत नाही, हवा पोचत नाही, मुळं कुजतात. वर तारा जातात म्हणून वीज कंपनीच्या माणसाने तारांकडच्या फांद्या साफ केलेल्या, त्यामुळे सगळा डोलारा एकाच बाजूला झुकलेला. असं झाड वळवाच्या पहिल्या झोतात मुळासकट उपटून येतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं की ‘वादळी वाऱ्याने झाड कोसळलं’.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपल्याकडे झाडांसाठी 1975 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे. आणि त्याच राज्यात मुंबई महापालिका एका फटक्यात सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची कामं काढली. खणायचंच होतं, तर त्याच खड्ड्यात वीजवाहिनीसाठी, इंटरनेटसाठी नळ टाकून ठेवता येतो, झाडाच्या मुळांसाठी जागा सोडता येते. ज्या शहरात हे होत नाही तिथे रस्ता दोनदा खणला जातो आणि झाड एकदाच मरतं. विरार, कल्याण, पनवेल या सगळ्या महापालिका मुंबईचंच अनुकरण करतात, म्हणून मुंबईचं उदाहरण महत्त्वाचं.

आणखी एक. आपण रस्त्यांना लावलेली झाडं बघा: गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर, सुबाभूळ. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. लवकर वाढतात, सावली लवकर देतात म्हणून लावले, आणि उथळ मातीत, अडकलेल्या मुळांवर ते लवकर मोडतात. कडुनिंब, करंज, ताम्हण, बकुळ यांना वेळ लागतो. पाच वर्षांची मुदत असलेल्या नगरसेवकाला वेळ लागणारं काही आवडत नाही. पण म्हणून उभी असलेली मोठी झाडं कापत सुटणं हा उपाय मुळीच नव्हे. शहर आणखी तापेल आणि सावली आणखी कमी होईल. मुळं मोकळी करा, फांद्या दोन्ही बाजूंनी तोलून छाटा, झाड जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. करवत चालवणाऱ्या कंत्राटदाराला फांद्यांच्या टनावर पैसे देऊ नका.

आता लाइट गेल्यानंतरचं. ‘समोरच्या सोसायटीत आहे, आमच्याकडे का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक वादळानंतर प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि त्यातून भांडणं होतात, लाच दिल्याचे आरोप होतात, कधी कधी वायरमनच्या अंगावर माणसं धावून जातात. उत्तर साधं आहे. वीज परत येते ती वरून खाली. आधी उपकेंद्र, मग 22 किंवा 11 केव्हीचा फीडर, म्हणजे मुख्य वाहिनी, मग आपल्या गल्लीतला डीपी, म्हणजे रोहित्र, मग तिथून निघणारी लघुदाब वाहिनी, आणि सगळ्यांत शेवटी खांबावरून आपल्या घरात येणारी सर्व्हिस वायर. एक फीडर दुरुस्त झाला की हजारो घरं उजळतात. एक सर्व्हिस वायर जोडली की एकच घर. म्हणून ज्याची एकट्याची वायर तुटली तो शेवटी राहतो. समोरची सोसायटी बहुधा दुसऱ्या डीपीवर, कदाचित दुसऱ्या फीडरवर असते. यात कुणी कुणाला झुकतं माप दिलेलं नसतं. पण हे सांगायला कुणी येत नाही, आणि हीच खरी तक्रार आहे.

कोलकात्यात मे 2020 मध्ये अम्फान आल्यावर काय झालं ते आठवा. हजारो झाडं रस्त्यांवर आडवी, वीज नाही, पाणी नाही, टाळेबंदी चालू. लोक रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले. वादळ होऊन तिसऱ्या दिवशी झाडं हटवायला लष्कर बोलवावं लागलं. एवढ्या मोठ्या वादळात लाइट जाणार, हे कुणालाही कळतं. लोक चिडतात ते ‘कधी येणार’ याचं उत्तर कुणी देत नाही म्हणून. हेल्पलाइनचा 1912 हा नंबर व्यस्त लागतो, शाखा कार्यालयाचा फोन बाजूला काढून ठेवलेला असतो, साहेबांचा मोबाइल बंद असतो. ‘रात्री बारापर्यंत येणार नाही, उद्या दुपारी येईल’ एवढं स्पष्ट सांगितलं तरी माणूस आजीला दुसऱ्याच्या घरी नेतो, इन्सुलिन बर्फात ठेवतो, पाण्याचा टँकर मागवतो. खोटं ‘अर्ध्या तासात’ ऐकून तो काहीच करत नाही, आणि त्यातून माणसांचे हाल होतात.

हाल कसले? वीस मजली इमारतीत लाइट जाणं म्हणजे पाणी जाणं. पंप बंद, वरची टाकी रिकामी, लिफ्ट बंद. सोसायटीचा जनरेटर असला तरी तो बहुधा लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता, आणि त्याचं डिझेल किती तास पुरेल ते सेक्रेटरीलाच ठाऊक. मोबाइलचा मनोरा बॅटरीवर काही तास चालतो, मग नेटवर्कही जातं. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं, आणि हल्ली खिशात रोख ठेवतो कोण? पिठाची गिरणी बंद, औषधाच्या दुकानातला फ्रिज बंद, कोळणीकडचा बर्फ संपलेला, भिवंडीत यंत्रमाग थांबलेले आणि मागावरच्या कामगाराची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याची रात्र निघते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला मे महिन्यात पंखा नसेल तर झोप नाही, आणि सकाळी कामावर जायचंच असतं.

या काळात लोक एकमेकांसाठी काय करतात ते मी अनेकदा पाहिलं आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. कुणी आपल्या जनरेटरवर वीस मोबाइल चार्ज करून देतं. चौथ्या मजल्यावरच्या काकांना पोरं खुर्चीत बसवून खाली आणतात. बावखलं (छोटी तळी) आणि विहिरी अजून बुजवलेल्या नाहीत अशा वसईतल्या वाड्यांमधून शेजारच्या इमारतींना पाणी मिळतं. पण या शेजारधर्मावर विसंबून वीज कंपनीने आणि महापालिकेने निवांत राहावं, हे चालणार नाही.

दोन गोष्टी मात्र आपल्याच हातात आहेत आणि त्या जिवाशी निगडित आहेत. पहिली न्यूट्रलची. तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारांतली न्यूट्रल वादळात तुटली, तर घरात 230 व्होल्टऐवजी चारशेच्या आसपास दाब येऊ शकतो. बल्ब एकाएकी प्रखर झाले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला, तर कशाचीही वाट न पाहता मेन स्विच खाली करा. लाइट गेल्यावरही फ्रिज, टीव्ही, एसी यांची बटणं बंद ठेवा. दुसरी गोष्ट जनरेटरची आणि इन्व्हर्टरची. नीट चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर जोडला, तर आपल्या घरातली वीज उलटी जाऊन डीपीतून उच्चदाब तारेवर चढते. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं तार मेलेली आहे. सोसायटीने इलेक्ट्रिशियन बोलवून ही एक तपासणी वळवाआधी करून घ्यावी. आणि तुटून पडलेल्या तारेला, ती कितीही निपचित दिसली तरी, काठीनेही हात लावू नये. ओल्या जमिनीवर तर तिच्यापासून लांबच राहावं.

खांबावर चढलेल्या त्या माणसाबद्दल. वीज पुरवणारी महावितरण कंपनी त्याला ‘जनमित्र’ म्हणते, लोक वायरमन म्हणतात. भर पावसात, रात्री दोन वाजता, चिखलात शिडी रोवून, लाइन बंद असल्याचं परमिट मिळाल्याची खात्री करून, तार अर्थ करून तो वर चढतो. यांतले बरेच जण कंत्राटी आहेत. तेच खांब, तीच तार, तोच धोका. पगार कमी, नोकरीची हमी नाही, हातमोजे फाटके. फीडर मोठा, घरं वाढलेली आणि माणसं अपुरी, म्हणून एकाच रात्री एकच माणूस तीन ठिकाणी जातो. दमलेला माणूस विजेच्या खांबावर चढवणं हा गुन्हा आहे. आणि लाइट गेली म्हणून त्याला शिव्या देणं, ढकलणं हाही. ज्याला जाब विचारायचा तो माणूस वातानुकूलित खोलीत आहे. आपल्या दारात चिखलाने माखून उभा आहे तो आपल्याच बाजूचा आहे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा याच माणसांनी रायगड पुन्हा उजळला. दुसऱ्या जिल्ह्यांतून पथकं आली. पावसाळा सुरू झालेला, भातखाचरांत पाणी, खड्डा खणला की भरून यायचा, खांब नेणारी गाडी रुतायची. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांतली गावं कित्येक आठवडे अंधारात राहिली. विहिरीला पाणी होतं, पण मोटर होती, रहाट नव्हता. घरात रॉकेल नव्हतं, कारण रेशनवरचं रॉकेल केव्हाच आटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडालेले. वीज गेली की माणूस शंभर वर्षं मागे जातो असं म्हणतात. रायगडमध्ये लोक त्याहून वाईट स्थितीत होते, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या घरात निदान कंदील आणि रहाट होता. मदतीच्या घोषणा झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. त्याच जिल्ह्यात अलिबाग शहरासाठी राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाखाली भूमिगत वाहिन्यांचं काम मंजूर झालं. म्हणजे उपाय सरकारला ठाऊक आहे, आराखडा आहे, जागतिक बँकेचा पैसाही मिळाला. मग अलिबागला जे हवं ते विरारला आणि बदलापूरला का नको?

‘भूमिगत करणं फार महाग पडतं’, हे उत्तर ठरलेलं आहे. महाग पडतं हे खरं. डोक्यावरच्या तारांपेक्षा कित्येक पट खर्च येतो, पाणी तुंबणाऱ्या भागात दोष शोधायला वेळ लागतो, ज्याने त्याने रस्ता खणून केबल तोडण्याचाही धोका असतो. म्हणून सगळंच गाडा असं कुणी म्हणत नाही. रुग्णालयांना, पाणी उपसा केंद्रांना आणि दाट वस्तीला वीज देणारे मुख्य फीडर आधी खाली न्या. गल्लीबोळातल्या उघड्या तारांच्या जागी आवरण असलेली, पीळ दिलेली एरियल बंच केबल टाका. तिच्यावर फांदी टेकली तरी ठिणगी उडत नाही. एका बाजूची वाहिनी बंद पडली तर दुसऱ्या बाजूने वीज देता येईल अशी रिंग करा. यातलं काहीही नवं नाही, अभियंत्यांना हे सगळं पाठ आहे. वसई-विरार, कल्याण, बदलापूरचा ग्राहक आपलं बिल भरतो, त्यात स्थिर आकार भरतो, वहन आकारही भरतो. वहन म्हणजे याच तारांमधून वीज वाहून आणण्याचे पैसे. त्या पैशांत त्याला धड तार मिळायला हवी.

आणि अंधाराचा हिशेब मिळायला हवा. वीज कायदा 2003 च्या कलम 57 नुसार वीज कंपन्यांना सेवेची मानकं पाळावी लागतात आणि पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने कुठला बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा हेही ठरवून दिलं आहे. पण चक्रीवादळ, पूर अशा आपत्तींना त्यातून सूट आहे. तौक्तेसारख्या वादळाला सूट असावी, मला मान्य आहे. दरवर्षी मे महिन्यात अर्धा तास येणाऱ्या वळवाला ती लागू होता कामा नये. जो वारा दरवर्षी येतो ती आपत्ती कसली? तो हंगाम आहे, आणि हंगामाची तयारी करता येते. कंपन्या खंडित विजेचे निर्देशांक काढतात, पण ते मोठ्या विभागाच्या सरासरीचे. नालासोपाऱ्याच्या एखाद्या फीडरवरचे तीस तास त्या सरासरीत बुडून जातात. प्रत्येक फीडरवर कुठल्या दिवशी किती तास लाइट नव्हती आणि कशामुळे, हे दर महिन्याला त्या त्या शाखा कार्यालयाच्या दारावर लावा. फांदी पडली असेल तर ती छाटायची जबाबदारी कुणाची होती, तेही लिहा. महापालिका वीज कंपनीकडे बोट दाखवते आणि वीज कंपनी महापालिकेकडे, हा खेळ असा कागद दारावर लागल्याशिवाय थांबणार नाही.

तोपर्यंत सोसायट्यांनी आणि चाळींनी या महिन्यात एवढं करावं. आपला फीडर कुठला आणि डीपी कुठला ते बिल आणि शाखा कार्यालय यांच्याकडून माहीत करून घ्यावं. तारांना टेकलेल्या फांद्यांचे, झुकलेल्या खांबांचे, उघड्या डीपीचे फोटो तारखेसह काढून लेखी अर्ज वीज कंपनीला आणि उद्यान विभागाला, दोघांनाही एकाच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. महावितरण ही सरकारी कंपनी आहे. गेल्या मे-जूनमध्ये आपल्या फीडरवर किती तास वीज नव्हती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. लाइट गेली की फोनवर नुसतं ओरडण्याऐवजी तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवावा, कारण तोच पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे आणि तिथे न्याय नाही मिळाला तर विद्युत लोकपालापुढे कामी येतो. महापालिका निवडणुकीत मत मागायला दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला पाणी आणि रस्त्याबरोबर हेही विचारावं: आमच्या प्रभागातल्या किती तारा पाच वर्षांत खाली जाणार, आणि कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीतल्या?